बाबांनी दाखवलेला टॉर्च

मंगळवार, संध्याकाळ. करोल बाग, दिल्ली.

आज अभ्यास शून्य, तरी स्वतःचा राग आला नाही. नवलच!

गावाहून बाबांचा फोन आला. एरवी "जेवलीस का?" एवढं विचारून ते फोन आईकडे देतात. आज अर्धा तास बोलले. काल दिवेलागणीला मासेमारीहून परतताना त्यांना पाण्यावर हिरवा उजेड दिसला. माडाएवढा उंच, आवाज नाही, जागचा हलत नव्हता. किनाऱ्यावरच्यांनीही पाहिला.

मी लगेच परीक्षेतलं उत्तर लिहिल्यासारखी सुरू झाले. ड्रोन असेल, उपग्रह असेल, फुगा असेल. ते प्रत्येकाला "नाही गं बाय" म्हणत राहिले. शेवटी विचारलं, "मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? टॉर्च दाखवला, तीनदा."

आमच्याकडे इंजिन बंद पडलेली होडी दिवा दाखवते. ज्याला तो दिसतो, तो टॉर्चने उत्तर देतो आणि मदतीला जातो. बाबा ओढायचा दोर काढून त्या उजेडाकडे निघालेसुद्धा होते! तेवढ्यात तो सरळ वर गेला आणि दिसेनासा झाला.

"भीती नाही वाटली?"

"वाटली ना. पण कुणी अडकलं असलं तर?"

मी हसले, आणि मग हसूच येईना. यार, तो टॉर्च मीच पहाडगंजातून नेलेला. आणि इथे चार वर्षांत मी शेजारच्या खोलीतल्या मुलीला नावसुद्धा विचारलेलं नाही.

ते काय होतं, मला माहीत नाही. पण खरंच कुणी दुरून आलं असेल, तर त्यांना इथे पहिला भेटला तो माझा बाप. किती बरं झालं.