उसवलेल्या सात ओळी आणि अडलेलं प्रभुभोजन

प्रिय बार्बराताईस,

धाकट्या सॅलोमीचा प्रभूच्या नावाने नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला गेला का? तुमच्या पेनसिल्व्हेनियात म्हणे थंडी हटली. इकडे उत्तरेत आमच्या कॉनेस्टोगो नदीवर अजून बर्फाचे तुकडे तरंगताहेत, आणि चर्चच्या मंडळीतल्या काही जणांच्या काळजावरही. मी ठणठणीत आहे. कुणी वेगळं काही कळवलं असेल तर ते प्रेमापोटी कळवलंय असं समज (म्हणजे चहाडी समज).

यंदाचं वसंतातलं प्रभुभोजन, सगळ्या मंडळीने मिळून भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा तो विधी, माझ्यामुळे अडलं हे तुझ्या कानावर आलंच असेल. आपली बातमी घोडागाडीने निघते, तरी मोटारीच्या आधी पोचते. तर खरं काय ते माझ्याकडून ऐक. गरिबांसाठीच्या लिलावाची गोधडी शिवायला आम्ही बारा जणी लविना बाउमनकडे बसलो होतो. तीच ती, माझ्या कुंपणापलीकडची, जिची नम्रता अर्ध्या मैलावरून दिसते. (आपल्यात गर्व हे पाप, म्हणून जास्त नम्र कोण याची चुरस, आणि ती दरवर्षी लविना जिंकते.) मी माझ्या बाजूला सात ओळी धावदोरा घातला. चाळीस वर्षं माझे टाके इंचाला दहा, आईच्या हाताखाली शिकलेले. दुसऱ्या दिवशी विसरलेली कात्री आणायला गेले, सहज हात फिरवला, तर सातही ओळी उसवून नव्याने घातलेल्या! गाठी माझ्या नव्हेतच. विचारलं तर बाईसाहेब म्हणतात, "अगं, दोरा जरा सैल पडला होता." दोरा सैल? माझा? माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण आपण पडलो शांतिप्रिय लोक. पूर्वजांनी छळ सोसला पण हात उगारला नाही. मीही उगारला नाही. फक्त सहा आठवडे तिच्याशी बोलले नाही.

मग आली प्रभुभोजनाआधीची सभा. एकेकाने म्हणायचं, देवाशी आणि मंडळीशी माझी शांती आहे; एकाचीही नसली तर प्रभुभोजन थांबतं. सगळे म्हणाले. योनास वेबरसुद्धा म्हणाला, जो बांधाच्या वादावरून सख्ख्या भावाशी नऊ वर्षं बोललेला नाही. माझी पाळी आली आणि मी मूर्खासारखी खरं बोलले. म्हटलं, देवाशी आहे, पण या बाकावरच्या एकीशी नाही. खऱ्याचं आपल्यात किती कौतुक आहे ते तेव्हा कळलं बघ. बिशपांचं तोंड उतरलं आणि प्रभुभोजन पंधरा दिवस पुढे गेलं.

त्या पंधरा दिवसांत माझ्याकडे रीघ लागली. जी येई ती मेपलच्या पाकाचे टार्ट घेऊन, आणि जाताना हळूच विचारी, "झाली का गं शांती?" बिशपांच्या हाताखालचे डीकन इनॉस फ्राय तर हात जोडून म्हणाले, "सॅलोमीबाई, सात ओळींपायी एकशेवीस आत्मे ताटकळलेत हो!" मी म्हटलं, मग त्यांनी लविनाच्या दारात ताटकळावं. तिने का उसवलं तेवढं सांगू दे, मी या क्षणी शांत. पण ती तोंडातून चकार शब्द काढेना. शेवटी मीच दातओठ खात म्हटलं, आहे बाबा शांती! (टार्टही संपत आले होते.)

आणि प्रभुभोजनानंतर जोडीजोडीने एकमेकींचे पाय धुण्याच्या विधीत माझी जोडी कुणाशी लागावी? म्हातारी फॅनी शिंकत शिंकत बाहेर गेली आणि तिच्या जागी सरकली लविना. तिने माझे पाय धुतले, इतके हळुवार की राग यावा. मग मी वाकले, धुतले, टॉवेल घेऊन चांगले खसाखसा पुसले. बायका खुसखुसायला लागल्या. ताई, मी बाकाचा पाय पुसत होते. लविनाने गुपचूप माझा हात धरून आपल्या पावलावर ठेवला. मग उठून विधीतलं शांतीचं चुंबन घेताना कानात म्हणाली, "सॅलोमी, टाके सैल नव्हते गं. इंचाला तीन होते, आणि शेवटची ओळ माझ्या एप्रनला शिवलेली. बाकीच्यांच्या नजरेला पडायच्या आत घातले मी." मी म्हटलं, त्या दिवशी उजेड कमी होता. ती म्हणाली, "भर दुपार होती." तिथेच रडले मी, सगळ्यांदेखत. लोकांना वाटलं, केवढा हा पश्चात्ताप! नम्रतेत यंदा माझा पहिला नंबर आला म्हणतात.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी सॅलोमी

ता. क. अक्षर माझं नाही हे तू पहिल्याच ओळीला ओळखलं असशील. मी सांगतेय आणि लविना लिहितेय. स्वतःबद्दलचं सगळं ब्र न काढता लिहिलंन. बघ, केवढा हा तोरा!

ता. क. २. बार्बराताई, मी लविना. सॅलोमी चहा टाकायला गेलीय, म्हणून घाईने लिहिते. तिच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया वेळेत केली तर दृष्टी वाचेल, असं शहरातल्या डॉक्टरीणबाई म्हणतात. येत्या एकवीस तारखेला बोलावलंय. ही म्हणते, या मंडळीत बघण्यासारखं उरलंय काय? खरं म्हणजे भिते. तुझ्याशिवाय कुणाचं ऐकायची नाही. आली बघ, विचारतेय अजून काय खरडतेस. मी म्हटलं, पत्ता लिहितेय. जन्मात दोनदाच खोटं बोलले गं ताई, तेव्हा दोऱ्याचं आणि आज हे. ते वाया जाऊ देऊ नकोस. ये.