दाजींचं माप

प्रिय ताईस, धाकट्याचा प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तू लेकीच्या घरी पोचलीस आणि तिचं बाळंतपण सुखरूप पार पडलं हे वाचून जीव भांड्यात पडला. तुझे गुडघे कसे आहेत? (नातवाला मांडीवर घेताना दुखत नाहीत, एवढं मला ठाऊक आहे.) इकडे आम्ही सगळे बरे आहोत, माझा खोकला सोडून. हा खोकला औषधाने जाणारा नाही. प्रभूच्या प्रार्थनेत दुसऱ्यांना क्षमा केल्याची ओळ आली की उबळ येते, ओळ संपली की जाते. बायको कोपर मारते. गेल्या आठवड्यात पाळकसाहेबांनी क्षमेवरच उपदेश केला आणि दारात हात मिळवताना हळूच विचारलं, "तुमच्या छोटीच्या बाप्तिस्म्यालाही खोकणार का?"

दाजी तुझे यजमान असले, तरी आता तुझ्यापासून काय लपवायचं! तुझ्या लेकीच्या लग्नात (तू तिथे होतीस, तरी सांगतो, कारण माझी आग परवापरवापर्यंत विझली नव्हती) दाजी प्रार्थनेला गुडघ्यांवर टेकले आणि मी शिवलेली पँट मागून टर्रकन उसवली. उसवली तर उसवली, पण जेवताना सगळ्यांसमोर ते म्हणाले, "आमचा मेहुणा शिवत नाही, नुसता टाचतो." शिंप्याला याहून मोठी शिवी नाही. तेव्हापासून त्यांच्या गिरणीची पायरी मी चढलो नाही, आणि लांबच्या गिरणीतलं जाडंभरडं पीठ खाऊन अख्ख्या घराचं पोट बिघडलं. प्रभूने साताच्या सत्तर वेळा क्षमा करायला सांगितलंय. आपल्या घराण्यात एकदाच करायची मारामार!

तर सोमवारी मन घट्ट केलं आणि गेलो. गिरणी धडधडत होती, दाजी पिठाने पांढरेफटक, नुसते डोळे तेवढे काळे. मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "दाजी, तुम्हाला माफ करायला आलोय!" दिवसभर धान्याची मापं करणारा माणूस, त्यात माझ्या गळ्यात सवयीने टेप लटकलेली. त्यांनी ऐकलं 'माप' आणि दोन्ही हात वर करून उभे राहिले. म्हणाले, "घे." काय करणार? घेतलं. छाती झाली, कंबर आली. ताई, दाजींच्या कमरेला टेप घालायची तर मिठीच मारावी लागते. माझे हात पुरेनात, गाल त्यांच्या सदऱ्यावर टेकला, आणि आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. मग ते माझ्या कानाशी म्हणाले, "मागच्या वेळी मी पोट आत ओढून माप दिलं होतं रे." आणि पोट सोडलं. टेप माझ्या हातातून निसटली. मला रडू आलं. पीठ डोळ्यात गेलं, असं त्यांना सांगितलं.

तुझी भावजय तुझी रोज आठवण काढते. नातवाला माझा मुका दे.

तुझा धाकटा

ता. क. – काल चर्चच्या अंगणात दाजी सगळ्यांना सांगत होते, "मेहुण्याला मी मोठ्या मनाने माफ केलं." उबळ घशापर्यंत आली होती. गिळली.

आणखी ता. क. – खरं काम राहिलंच. छोटीला बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता म्हणून दाजींनी हातात घ्यावं, हे विचारायलाच गेलो होतो. ऐन वेळी टेप उचलली आणि न विचारताच घरी आलो. तू विचारशील का? पँट तयार आहे. मागची शिवण दुहेरी घातलीय. त्यांना म्हणावं, छोटीला घेऊन बिनधास्त गुडघे टेका. फक्त पोट आत ओढू नका.