उजवीकडचा वरचा कोपरा

कल्याण,
रविवार सकाळ

प्रिय देवेश,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलंस की नाही कोण जाणे. माझं अक्षर आता पार बिघडलंय. सही सोडली तर हाताने लिहायची वेळच येत नाही. मी दर्शना, मोहने गावातली, फॅक्टरीच्या कॉलनीत तुमच्या मागच्या लाइनीत राहणारी. घाबरू नकोस, काका-काकू, म्हणजे तुझे आई-बाबा, दोघंही हिंडते-फिरते आहेत. आणि वीस वर्षांपूर्वीचं काही उकरायलाही मी बसलेली नाही. सुदेशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगूनच हे पत्र लिहितेय. तो म्हणाला, "फोन कर की सरळ." मी म्हटलं, फोनवर देवेश माझं अर्धं ऐकेल आणि उरलेल्या अर्ध्यात वाद घालेल. तू अजून तसाच असशील असं मी धरून चाललेय.

मी माजिवड्याला एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये आहे, हे तुला बहुतेक माहीत नसेल. त्यामुळे सासर-माहेर, शेजारपाजार, सगळ्यांच्या कॉम्प्युटरचं दुखणं माझ्याकडे येतं. चुलतसासरे तानाजीकाका प्रिंटर चालेना झाला की आधी माझ्या तब्येतीची चौकशी करतात, तेवढ्यावरूनच मला समजतं. माझी नणंद संचिता डोंबिवलीला असते. तिचा लॅपटॉप मध्येच आपोआप टाईप करायचा, ओळीच्या ओळी नुसते 'ग ग ग'. तिच्या सासूबाईंनी लॅपटॉपवरून लिंबू उतरवून टाकलं होतं. मी जाऊन घरभर शोधलं, तर कपाटात साड्यांच्या ढिगाखाली जुना बिनवायरचा कीबोर्ड सापडला, चालू. कोणी साडी ओढली की इकडे टाईप व्हायचं. तेव्हापासून मला एक सवय लागलीय. समोरचा माणूस कितीही अशक्य गोष्ट सांगू दे, मी हसत नाही. त्याला जे दिसतं ते तो सांगत असतो. ते तसं का दिसतं, एवढंच शोधायचं असतं, आणि खरं सांगू का, मला त्याचा नादच आहे.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी कल्याणच्या मार्केटात तुझी आई भेटली. इतक्या वर्षांनी, तरी हातातली पिशवी खाली ठेवून तिने माझ्या गालावरून हात फिरवला. मग म्हणाली, "अगं दर्शू, हे दिवसभर कॉम्प्युटरशी भांडतात. देवेशला फोन लावला की मग ते दोघं भांडतात. तू बघशील का गं जरा?" मी लगेच हो म्हटलं. घरी आल्यावर वाटलं, कशाला म्हटलं? पण रविवारी रिक्षा करून मोहन्याला गेलेच.

काका तसेच आहेत. इस्त्रीचा शर्ट, खिशात टेस्टर. फॅक्टरी बंद पडून इतकी वर्षं झाली तरी इन्स्ट्रुमेंट खात्यातला माणूस त्यांच्यातून गेलेला नाही. मला बघून फारसं आश्चर्य दाखवलं नाही, खुर्ची पुढे केली आणि म्हणाले, "बरं झालं आलीस. हा सोंगट्या लपवतो." हा म्हणजे कॉम्प्युटर. ते त्याच्यावर बुद्धिबळ खेळतात, कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांशी. तक्रार अशी, की पटावर जागा रिकामी दिसते म्हणून ते चाल करतात, आणि तिथून अचानक हत्ती येतो. मी पडद्यावर बोट ठेवून विचारलं, "काका, हा हत्ती दिसतोय?" ते म्हणाले, "आता दिसतोय. मघाशी नव्हता." हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात वाईट दुखणं. आपण बघायला गेलो की सगळं ठीक, आपली पाठ वळली की पुन्हा सुरू.

पहिल्या रविवारी मी केबल बदलली. दुसऱ्या रविवारी माऊस बदलला, पडद्याची सेटिंग्ज सगळी पहिल्यासारखी केली. मग तू चेन्नईहून मोठा मॉनिटर पाठवलास. दोन दिवस काका खूश होते, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तेव्हा तू फोनवर त्यांना म्हणालास, "बाबा, मॉनिटर कोरा आहे. आता दोष खेळणाऱ्यातच आहे." तुला ते आठवतही नसेल, माणूस कामाच्या गडबडीत बोलून जातो. काकूने मला सांगितलं की त्या दिवशी काका अर्ध्या जेवणावरून उठले. मला तुझा राग आला, पण त्याहून जास्त कुतूहल वाटलं. कारण काका कच्चे खेळाडू नाहीत. लहानपणी आपल्या दोघांना एका वेळी हरवायचे ते.

त्या साइटवर सगळे जुने डाव साठवलेले असतात. त्यांच्या परवानगीने मी ते घेऊन आले आणि दुपारच्या सुट्टीत लॅबमध्ये डबा खाता खाता एकेक बघत बसले. वर्षभरापूर्वीचे डाव सुरेख होते. अलीकडचे हरलेले बावीस काढले, तर त्यांतल्या सतरा डावांत घात झाला तो पडद्याच्या उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यातून. काका पांढऱ्या सोंगट्या घेवोत की काळ्या. अरे, काळ्या घेतल्या की पट उलटा होतो, म्हणजे तो कोपरा दर वेळी पटावरचा वेगळा असतो. पडद्यावरचा मात्र तोच. डावीकडे त्यांचं एक प्यादंही फुकट गेलेलं नव्हतं. असा दर वेळी नेमक्या एकाच जागी होणारा बिघाड मी अजून पाहिलेला नव्हता.

पुढच्या रविवारी मी माझा लॅपटॉपच घेऊन गेले आणि काकांसमोर बसवला. मी बाजूला मोबाइलवरून त्यांच्याशी खेळत होते. मुद्दाम वजीर त्यांच्या उजव्या कडेने खाली आणला. त्यांना पत्ताच नाही. शह दिल्यावर म्हणाले, "बघ, तुझाही लपवायला लागला." केबल झाली होती, मॉनिटर झाला होता, आता कॉम्प्युटरही वेगळा होता. एकेक वस्तू बदलत जायचं हे आमचं काम, आणि बदलायची एकच गोष्ट राहिली होती, ती खुर्चीत बसली होती. हे मनात आलं आणि मला ते यायलाच नको होतं असं वाटलं. इतक्यात काकूने चहा आणला आणि कप त्यांच्या डाव्या हाताला ठेवला. मी सहज विचारलं, "काकू, नेहमी डावीकडेच ठेवता?" ती म्हणाली, "उजवीकडे ठेवला की लवंडतो गं." कधीपासून, ते तिला सांगता येईना.

मी काकांना म्हटलं, माझ्या नाकाकडे बघा, मान हलवू नका. माझा पेन मी त्यांच्या उजव्या बाजूने वरून हळूहळू आत आणायला लागले आणि म्हटलं, दिसला की सांगा. देवेश, पेन माझ्या नाकाजवळ पोहोचत आला तेव्हा ते म्हणाले, "हं." मी हात खाली घेतला. काका खुर्चीत सरळ बसले. मग म्हणाले, "परत कर." पुन्हा केलं. "अजून एकदा." तीन वेळा करून घेतलं, फॅक्टरीत रीडिंग घ्यायचे तसं. मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मीटर बरोबर आहे. सेन्सर गेलाय." काकू दारात ट्रे घेऊन उभी होती. तिला शब्द कळला नाही, पण आवाजावरून कळलं.

चार दिवसांनी मी रजा घेऊन दोघांना ठाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे एक तपासणी असते, खोलगट डब्यात तोंड घालून समोरच्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि कडेला बारीक दिवा लागला की बटण दाबायचं. दहा मिनिटांत काका आतून ओरडले, "अहो, दिवे लागत नाहीयेत, मशीन बघा जरा!" मशीन चांगलं होतं. छापून आलेल्या कागदावर काळा डाग होता, बरोबर तिथेच. काचबिंदू. उजवा डोळा जवळपास गेलेला. त्यांना वाटत होतं मोतीबिंदू असेल, काढू कधीतरी. त्यामुळे सगळा भार डाव्या डोळ्यावर, आणि त्याचाही नाकाकडचा, म्हणजे उजवीकडचा, वरचा भाग गेलाय. गेलेलं परत येत नाही. उरलेलं थेंबांनी राखता येतं, पण थेंब एक दिवसही चुकवायचे नाहीत. काकूने थेंब घालायला शिकून घेतलंय. पहिल्या दिवशी निम्मी बाटली काकांच्या मिशीत गेली, आता एका थेंबात काम करते. आणि काकांनी डॉक्टरांना ते मशीन कसं चालतं हे इतकं विचारलं की बाहेर पेशंट चुळबुळायला लागले. घरी आल्यावर मी पट पडद्याच्या डाव्या भागात छोटा करून ठेवला, आणि प्रत्येक चालीआधी त्यांनी मान वळवून उजवीकडे बघायचं ठरवून घेतलं. परवा त्यांनी एका बलाढ्य गड्याला हरवलं. काकूने शिरा केला.

तुला हे कळवायचं नाही, असं काकांनी मला डॉक्टरांकडून आलो त्याच दिवशी बजावलं होतं. "तो येईल, घराला कुलूप लावेल आणि आम्हाला सामानासारखं उचलून नेईल." मी शब्द दिला. मला त्यांचं पटलंही होतं. पण महिन्याभराने पुन्हा दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टर कागदावर काहीतरी भरत होते आणि त्यांनी विचारलं, "आजोबा, मुलं किती?" काका शांतपणे म्हणाले, "नाहीत." डॉक्टरांनी वर बघितलं. "एकही नाही?" "कोणीच नाही." काकू शेजारच्या खुर्चीत पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. एवढा तुझ्या नावाने छाती पुढे काढणारा माणूस, तू पाठवलेल्या मॉनिटरवरचं प्लॅस्टिकसुद्धा दोन महिने काढू दिलं नव्हतं, आणि असा माणूस तुला पुसून टाकतो? लपवायचंच होतं तर 'मुलगा लांब असतो' म्हणता आलं असतं. मला राहवेना. त्यांना घरी सोडल्यावर मी काकू आत गेल्याचं बघून विचारलं, "काका, असं का म्हणालात?"

त्यांनी खिशातला टेस्टर काढून बोटांत फिरवला. मग म्हणाले, "माझे वडील शेवटी शेवटी भिंत धरून चालायचे. गावात सगळे म्हणायचे, म्हातारपण. आता कळतंय काय होतं ते. त्यांच्याकडून मला आलं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी मला एकट्याला सांगितलं, हे घराण्यात उतरतं, मुलं असतील तर त्यांना तपासून घ्यायला सांगा. कसं सांगू गं? घर त्याच्यामुळे उभं आहे, हे सगळं त्याने दिलं. आणि मी त्याला काय दिलं, तर हे? मुलगाच नाही म्हटलं की ते कोणाकडे जातच नाही." एवढा हिशेबी डोक्याचा माणूस, आणि हे बोलला. मी त्यांना म्हटलं, काका, तुम्ही नाही म्हटल्याने बिघाड दुरुस्त होत नाही. ते म्हणाले, "माहीत आहे." पण सांगेन असं म्हणाले नाहीत. निघताना काकू जिन्यापर्यंत आली आणि फोनच्या डायरीतलं तुझ्या पत्त्याचं पान फाडून माझ्या पर्समध्ये घातलं. ती दारामागून सगळं ऐकत होती.

म्हणून हे पत्र, देवेश. तू चव्वेचाळीसचा झालास. हे दुखत नाही, खुपत नाही, समोरचं सगळं स्वच्छ दिसत असतं, म्हणून कोणी जात नाही. तू या आठवड्यात जा. नुसता चष्म्याचा नंबर काढून परत येऊ नकोस. डोळ्यांतला दाब आणि मागची नस तपासून घे, आणि वडिलांना काचबिंदू आहे हे स्वतःहून सांग, त्यांनी विचारायची वाट बघू नकोस. कदाचित काहीच निघणार नाही. निघालं तरी तुझ्या वयात थेंबांनी सगळं राखता येईल, काकांना जे मिळालं नाही ते तुला मिळेल. रिपोर्ट आला की त्यांना फोन कर, आणि आधी सांग की तू रागावलेला नाहीस. बाकीचं मग. मी शब्द मोडलाय, हे येत्या रविवारी मोहन्याला जाऊन मीच त्यांना सांगणार आहे. मला आत घेतील की नाही माहीत नाही. मला उत्तर लिहिलं नाहीस तरी चालेल, पण डोळे दाखव.

तुझीच,
दर्शना