होडीच्या नावाचं खातं

आबा, तुला न विचारता तुझ्या होडीचं नाव मी वापरलं. होडी तर तू गेल्यावर दोन पावसाळ्यांत कुजली आणि तिच्या फळ्या चुलीत गेल्या, नाव तेवढं उरलं होतं. कशासाठी वापरलं ते तुला कळायचं तर थोडं मागून सांगावं लागेल. आता देवबागेत पर्यटक येतात. मी वरच्या दोन खोल्या त्यांना देतो, त्यांच्या चौकशीसाठी घरी संगणक घेतला आहे. त्यावर एक ज्ञानकोश उघडतो. शाळेच्या कपाटात जाडजूड खंड असायचे तसा नाही, हा कोणीही वाचावा आणि कोणीही लिहावा असा. लिहायचं तर एक खातं उघडायचं, त्याला आवडेल ते नाव द्यायचं. पण दोन गोष्टी तिथे वाईट समजतात. जिथे आपला संबंध आहे तिथे तो लपवून लिहिणं, आणि एकट्यानेच दोन खाती काढून दोन माणसं असल्याचं सोंग करणं. मी दोन्ही केलं.

आपल्या गावाच्या पानावर मी रापणीबद्दल, सगळी वाडी मिळून किनाऱ्यावर ओढते त्या मोठ्या जाळ्याबद्दल, लिहिलं. समुद्रात माणूस गमावलेल्या घरालाही इथे मासळीचा वाटा मिळतो, ही पद्धत तू सुरू केलीस, असं तुझं पूर्ण नाव घालून लिहिलं. मी तुझा मुलगा हे कुठेच लिहिलं नाही. पाहुणे ते वाचून येतात, जेवताना विचारतात, "तुम्ही त्यांचेच चिरंजीव का?" मी सुरमई वाढता वाढता मान हलवतो. पुढच्या वेळी ते आणखी चार जणांना घेऊन येतात.

तो वाटा कसा सुरू झाला हे तुला माहीत आहे आणि मलाही. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, दोर माझ्याही हातात होता. शेजारच्या काकीचा नवरा समुद्रात बुडाला त्याला महिनाही झाला नव्हता. ती माशांची रिकामी पाटी घेऊन आली, वाळूवर टाकलेल्या जाळ्यावर बसली आणि म्हणाली, "ह्याच जाळ्यार माझ्या घोवाचे हात झिजले. त्येचो वाटो घाला, मगे उठतंय." कोणी हसलं, कोणी चिडलं. तू वाकून मासळीचा एक ढीग जास्त घातलास. घातलास तू, पण बसली ती. माझ्या लिहिण्यात ती कुठेच नव्हती.

काकीची मुलगी माझ्याच वर्गातली, आता कुडाळला शिकवते. तिने पानाला हात लावला नाही. पानामागे चर्चेची जागा असते, तिथे तिने उघड लिहिलं, मी त्या बाईंची मुलगी, म्हणून स्वतः बदलत नाही, वाटा माझ्या आईने मागून घेतला, कोणीतरी तपासून दुरुस्त करा. मी माझ्या खोट्या नावामागून उत्तर दिलं की नात्यातल्या माणसाच्या शब्दावर विसंबता येत नाही. हे मी लिहिलं, आबा! मग कुठल्या तरी लांबच्या गृहस्थाने गावातल्या आणखी कोणाचं मत विचारलं, आणि मी घाईघाईने दुसरं खातं उघडलं. नाव सुचेना, तर होडीचं दिलं. मीही याच गावचा, पद्धत त्यांनीच सुरू केली, असं त्यातून लिहिलं. एकीविरुद्ध दोघे झाले आणि विषय मिटला.

आपल्या किनाऱ्यावर माणसाचं नाव विसरतात, होडीचं कोणी विसरत नाही, हे मीच विसरलो. रविवारी काकीची मुलगी आली, पायरीवरच बसली. "तुझ्या आबाची होडी माका वळखूक येवची नाय काय रे? दुसरां नावच सुचूक नाय तुका?"

"मगे सांग त्या लोकांका, हो खोटारडो आसा म्हणान," मी उर्मटपणे म्हणालो.

"मी सांगूचंय नाय. ती माझी आवस. तू सांग." चहाला नको म्हणून ती उठली. "पान सुधारला की आवशीक वाचून दाखवतंय म्हणान सांगलंय. ती रोज इचारता, झाला काय म्हणान."

ती गेल्यावर मला तिचा नाही, तुझा राग आला. आजही येतो. वाटे तू करायचास, म्हणून कोणता कोणाचा हे तू बघायचं नाही, अशी रीत होती. तू समुद्राकडे तोंड करून उभा राहायचास, मागे कोणी तरी एका ढिगावर हात ठेवायचा, आणि तू न बघता घराचं नाव घ्यायचास. एकदा चांगल्या सरंग्याच्या ढिगावर हात होता, तेव्हा मी खोकलो. तू लगेच काकीच्या घराचं नाव घेतलंस. आपल्याला बांगडे आले. दुपारी आई ते साफ करत होती, तू चुलीपाशी येऊन विचारलंस, "घसो बरो झालो?" घशात वाळू गेली होती, मी म्हणालो. "वाळू सगळ्यांच्याच घशात जाता. खोकलंस तू एकटोच. उद्यापासून वाट्यांकडे येव नको." त्यानंतर दोर ओढायला तू मला हाक मारलीस, वाट्यांपाशी कधीच नाही. दुखण्यात पडलास तेव्हा वाटे करायला तू दुसऱ्याच्या मुलाला पाठवलंस. सगळ्या वाडीने ते पाहिलं. ज्या जागी तू मला उभं केलं नाहीस, त्या जागी निदान तुझा मुलगा म्हणून उभं राहावं, यासाठीच मी तुला एवढं मोठं करून लिहिलं.

काल काकीच्या अंगणावरून गेलो. तिला आता नीट दिसत नाही. "कोण तो? आबाचो झील मा?" तिने विचारलं, आणि तुझ्याबद्दल दोन शब्द चांगले बोलली. मी हूं हूं केलं आणि पाय उचलला.

तू वाचणार नाहीस हे कळतं. पण यातले दोन परिच्छेद त्या चर्चेत टाकले, खाली माझं खरं नाव घातलं, तरी काम होईल. संगणक समोर चालू आहे, पान उघडं आहे. मी टाकत नाही. शनिवारी पाहुणे यायचे आहेत.

आणि तुला शेवटपर्यंत सांगत आलो ते वाळूचं. घशात वाळू गेली नव्हती.