मागच्या डाव्या बाजूचा आवाज

जळगाव,
बुधवार

प्रिय भूषण,

अक्षरावरून ओळखलं असशीलच. सोबत एक पेन ड्राइव्ह ठेवलाय, पण तो आत्ताच लावू नकोस, आधी हे वाच. फोन केला असता, पण फोनवर सावद्याचं नाव निघालं की तू 'हनीफ, वर्गात आहे, नंतर बोलू' म्हणतोस आणि ते नंतर कधी येत नाही. कागद मध्येच तोडता येत नाही, म्हणून कागद.

मागच्या महिन्यात तुझे नाना दुकानावर आले होते. एकटेच, सावद्याहून एसटीने. बसताना त्यांनी धोतराच्या सोग्याने खुर्ची पुसली आणि पिशवीतून रुमालात गुंडाळलेली डीव्हीडी काढली. आपलीच. धुळ्याच्या कार्यक्रमाची. वर अक्कांचं नाव, तुझ्या हातचं 'सुगंधाबाई, धुळे, २००९', अजून शाबूत आहे. घरचा प्लेयर केव्हाच बंद पडला. कोणीतरी त्यांना कॉम्प्युटरवर लावून दिली, तर ढोलकी आणि पेटी दणदणीत आणि अक्कांचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा. नानांना वाटलं, तबकडी झिजली, हळूहळू आवाज पुसला जातोय. तेच विचारायला आले होते. घसा बसलेला होता, गळ्याला मफलर. चहा सांगितला तर अर्धाच घेतला.

तबकडी झिजलेली नव्हती. दोष तुझ्या हट्टाचा होता. आठवतं ना, सहा बाजूंनी आवाज देणारी डीव्हीडी तेव्हा खानदेशात कोणी करत नव्हतं आणि तुला करायचीच होती. आईचा आवाज मधल्या स्पीकरला एकटा हवा, त्यात दुसरं काही मिसळायचं नाही, यावर तू माझ्याशी दोन दिवस भांडलास. आता ज्या कॉम्प्युटरला दोनच स्पीकर, तिथे तो पुढचे डावा-उजवा तेवढे वाजवतो आणि मधला गाळून टाकतो. अक्का होत्या, पण त्यांना बाहेर यायला दारच नव्हतं. जो थोडा आवाज येत होता, तो ढोलकीच्या माइकने पकडलेला. हे मी नानांना समजावलं तेव्हा त्यांनी ती तबकडी माझ्या हातात दिली. मग म्हणाले, ते दार करून दे.

काम किचकट नव्हतं, पण हात विसरले होते. तबकडी वाचणारा ड्राइव्ह आता मशीनमध्ये येत नाही, तो बाहेरून जोडावा लागला. दोन ठिकाणी ओरखडे होते, तिथे चार-चार वेळा वाचायला लावलं तेव्हा कुठे सगळं कॉम्प्युटरवर उतरलं. मग चित्रापासून आवाज वेगळा काढला आणि त्याच्या सहा फाइली केल्या. पुढचा डावा, पुढचा उजवा, मधला, ढोलकीच्या घुमाऱ्याचा एक आणि मागचे दोन. मधली फाइल एकटी लावली. भूषण, अक्कांनी गाणं सुरू करण्याआधी घेतलेला श्वाससुद्धा आहे त्यात. तुझा हट्ट बरोबर होता, हे इतक्या वर्षांनी कबूल करतो.

धुळ्याचा तो दिवस तुला वेगळा सांगायला नको. नानांना अक्कांचं स्टेजवर गाणं पसंत नव्हतं, हे सावद्यात सगळ्यांना ठाऊक होतं. केळीच्या ट्रकपाशी उभं राहून हाक मारली तर रावेरच्या रस्त्याला ऐकू जाईल असा तो माणूस, पण घरात दोन शब्द. तरी धुळ्याला आले, पहिल्या रांगेत बसले, आणि अक्कांनी पहिली ओळ धरली तसे उठून मधल्या वाटेने सरळ मागे चालत गेले. सगळ्या सभागृहाने पाहिलं. अक्कांचा आवाज एका ओळीपुरता हलला, तोही या फाइलीत आहे. पुढे त्या दीड तास गायल्या. परतताना जीपमध्ये त्या एका कडेला, नाना दुसऱ्या कडेला, आणि मध्ये तू दात आवळून बसलेला.

चार वर्षांनी अक्का गेल्या. दहाव्याच्या दिवशी तू लोकांसमोर वडिलांना म्हणालास की तुम्ही तिचं एक गाणं ऐकलं नाही, आता रडू नका. नानांनी मान खाली घातली. तू आपल्या दोघांच्या स्टुडिओतली हेडफोनची जोडीसुद्धा न घेता धुळ्याला निघून गेलास. मी तुझीच बाजू घेतली होती. नानांना समोरून येताना पाहून मी एकदा रस्ता बदललाय.

आता जे लिहायचं आहे, त्यासाठी तीन कागद फाडले. मिक्सिंगच्या वेळी तू पुढचं सगळं घेतलंस आणि मागच्या दोन बाजू माझ्यावर सोपवल्या. मागे माइक कशाला, तर टाळ्यांसाठी. मी त्या ऐकल्याच नाहीत. टाळ्याच असणार म्हणून आवाज बारीक करून जोडून दिल्या. गेल्या शुक्रवारी दुपारी नमाजहून आलो, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून सहज मागची डावी फाइल मोठी करून लावली. तो माइक मागच्या दाराशी होता. आधी चपलांचा आवाज, मग सभागृहाचा कोणी माणूस आत बोलावतो, "आबा, मझार बसा ना, खुर्ची शे." त्यावर नाना म्हणतात, "नको रे भाऊ. मी समोर दिसलो का तिचा आवाज बसते. इथूनच आयकतो मी."

मी ते पाच-सहा वेळा ऐकलं. पुढे तो माणूस विचारतो की ही बाई कोण शे. नाना म्हणतात, आमच्या घरची. आणि मग दीड तास ते तिथून हललेले नाहीत. प्रत्येक गाण्यात अक्कांच्या आधी अर्धा शब्द पुटपुटतात. सगळी गाणी पाठ, भूषण. शेवटच्या टाळ्या संपल्यावर दार वाजतं आणि नाना बाहेर जातात, म्हणून आपल्याला ते जीपपाशी उभे दिसले.

तेव्हा ही फाइल मी एकदा नीट ऐकली असती, तर दहाव्याच्या दिवशी तू ते बोलला नसतास. ही चूक माझी आहे. नानांची नाही, तुझीही नाही.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सावद्याला जाऊन मी त्यांना मधला आवाज ऐकवला. डोळे मिटून ऐकत होते. नंतर मी विचारलं, तुम्ही मागे उभे होता, मग भूषणला कधी सांगितलं का नाही. घसा साथ देत नव्हता, एकेक शब्द ओढून काढावा लागत होता.

"त्याची माय गेली होती. त्याले कोनावर तरी राग काढायचा होता. मी होतो ना."

एवढंच. मग मला केळी बांधून दिली आणि एसटीची वेळ झाली म्हणाले.

निघताना ओट्यावर दवाखान्याची पिशवी दिसली. विचारलं, तर आधी टाळलं, मग कागद माझ्या हातात दिले. त्यांच्या स्वरयंत्रात गाठ आहे, चांगली नाही. येत्या सोमवारी नाशिकला ऑपरेशन आहे, त्यात स्वरयंत्र काढणार आहेत. जीव वाचेल असं डॉक्टर म्हणतात, आवाज राहणार नाही. मी म्हटलं, नाना, दुकानात या, तुमचा आवाज भरून ठेवतो. त्यांनी विचारलं, कोणासाठी. तुला कळवायचं नाही असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलंय, कीव करून आलेला मुलगा त्यांना नकोय. मी दिलेला शब्द आज मोडतोय, त्याचं मी पाहीन. रविवारी सकाळी ते सावद्याहून निघतील. हे पत्र तुला शुक्रवारी मिळेल. पेन ड्राइव्हवरच्या या फाइली नंतर ऐक, त्या कुठे जात नाहीत. या शनिवारी सावद्याला जा आणि त्यांच्याशी बोल, अजून ते उत्तर देऊ शकतात.

तुझाच,
हनीफ