आमच्या घराण्यात टक्कल नाही

११ ऑगस्ट २०१९, सकाळी ६.१०. तोंग्योंग, दक्षिण कोरिया.
मोरीच्या जाळीतले केस मोजत होतो. १३८. कालच्यापेक्षा चार कमी. सुधारणा आहे. टाळूवरचे गुळगुळीत डाग मात्र तीनच. ३१ तारखेला बोरामच्या आणि आमच्या घरच्यांची भेट. मग लग्न पक्कं. तिच्या आईने आधीच विचारलं होतं, "घराण्यात टक्कल?" छातीठोकपणे 'नाही' म्हणालो.

१४ ऑगस्ट.
डॉक्टर म्हणाले, दुर्मीळ प्रकार आहे, यात केसांची मुळंच मरतात. काही घराण्यांत वारशाने येत असावा, खात्री नाही. आईला घेऊन या. 'असावा' म्हणजे नसणारच. आईला कशाला? तिचे केस दाट, कुरळे. झोपताना तेवढा रुमाल बांधते, या उकाड्यातही. तिला थंडी सोसत नाही.

२२ ऑगस्ट.
आईने भातात पुन्हा काळे सोयाबीन घातले. केसांना चांगले म्हणे. मग म्हणाली, "बाळा, तुला एक सांगायचंय." म्हटलं, भेटीनंतर सांग. केस फक्त ९. (डोकं धुतलं नाही.)

३० ऑगस्ट.
टाळूवर लावायची काळी पूड आणली. आरशात पाहिलं. निर्दोष.

३१ ऑगस्ट, संध्याकाळी ५.
वडीलधाऱ्यांसमोर बोरामने दिलेली टोपी काढावीच लागते. काढली. बोरामच्या आईला कमरेत वाकून नमस्कार केला, तर पूड तिच्या पांढऱ्या मुळ्याच्या सारात.
ती म्हणाली, "अगं बाई! हे काय आणि? वंशातलं तर नाही ना?"
मी म्हणालो, "छे! कामाचा ताण."
तेवढ्यात आईने डोक्यावरचे कुरळे केस उचलून मांडीवर ठेवले. विग! म्हणाली, "विहीणबाई, हे माझ्याकडून आलंय. माझ्या वडिलांचंही असंच होतं. पोराचा दोष नाही."
मी घाईने म्हणालो, "हिचे तापात गेले. माझा संबंध नाही."
बोरामने उठून विग आईच्या डोक्यावर नीट बसवला आणि निघून गेली. रागावली असेल. दोन दिवसांत येईल.

१ सप्टेंबर.
बोरामचा मेसेज: "डाग मी वर्षापूर्वीच पाहिले. म्हणून तर टोप्या घेऊन दिल्या. पण काल आईलाच झटकलंस, उद्या मलाही झटकशील. येऊ नकोस."
आईला दाखवला नाही. तिने विचारलंही नाही. आज घरात ती विग आणि रुमाल, दोन्हींशिवाय वावरली. जेवताना माझ्या वाटीत स्वतःच्या वाटीतले सोयाबीन काढून घातले. मान खाली होती, तेव्हा नीट पाहिलं.
आईचे डाग: तीन. जागा त्याच.
आजचे केस: मोजले नाहीत.