उपड्या तांब्यावरचा पेला

माहूर, १२ जानेवारी २०१२

ती. आईस जयभीम.

सुखरूप पोचले. डोंगरावर छोटा कलामेळा आहे. लोक तंबूत राहतात, चित्रं काढतात, गातात. लातूरच्या क्लासात माझ्यासोबत शिकवणारी गौसिया आणि मी तिच्या भावाच्या घरगाडीत आहोत. आत पलंग, शेगडी सगळं आहे. टप पत्र्याचा आहे, स्लॅब नाही. तुझा गुडघा कसा आहे?

आनंदराज, पत्र तूच वाचून दाखवतोस, तर पुढचं आईला हळू वाच.

भूकंपानंतर तू शिकवलंस तसं, हादरा बसला की पडून आवाज व्हावा म्हणून, मी इथंही उपड्या तांब्यावर पेला ठेवला होता. काल दुपारी ढोलवाले टपावर चढले. गाडी हलली, पेला पडला, मी ओरडत बाहेर पळाले. सगळे हसले. "मॅडम, डोंगर जागेवरच हाय की!"

तेवढ्यात गौसियानं विचारलं, "सदफ कुठं हाय?"

तिची दोन वर्षांची पोर माझ्या कुशीत निजली होती. ती आतच राहिली होती.

आई, भूकंपाच्या रात्री तू मला उचललंस आणि धाकटी महामाया घरात राहिली. मी कधी विचारलं नाही, पण मनात धरलं होतं. मी तर कुणालाच उचललं नाही.

रविवारी येते. पेटीतला महामायेचा फोटो काढून ठेव. तू एकटीच बघतेस, मला माहीत आहे.

तुझी,
विशाखा